चिमुकल्या विमानाच्या टाकीत काय ओतायचे?

माहुल म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या उंच चिमण्या, चंदेरी रंगाच्या गोल टाक्या आणि वाऱ्याची दिशा बदलली की चेंबूरपर्यंत पोहोचणारा उग्र दर्प. एकेकाळच्या या कोळीवाड्याला लागून १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा, म्हणजे पुढच्या एस्सोचा, तर १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. राष्ट्रीयीकरणानंतर पहिला हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आणि दुसरा भारत पेट्रोलियमकडे आला. १९६९ मध्ये येथेच ल्यूब इंडियाचा वंगणतेलाचा कारखाना उभा राहिला. जवळच चेंबूरला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, अर्थात आरसीएफ. त्या कारखान्यात १९६०च्या दशकात मिथेनॉलचे उत्पादन सुरू झाले. पेट्रोल, रॉकेल, वंगण, मिथेनॉल, असे इंजिनाला जे जे लागते ते सारे मुंबईच्या या एका कोपऱ्यात तयार होत आले आहे.

तरीही याच शहरातील एखादा हौशी जेव्हा प्रतिकृती विमानाचे, म्हणजे मॉडेल विमानाचे पहिले इंजिन हातात घेतो, तेव्हा तो पुरता गोंधळतो. इंजिन मुठीत मावेल एवढे, टाकी औषधाच्या बाटलीएवढी. तिच्यात ओतायचे काय? साधा हिशेब असा, की इंजिन टू-स्ट्रोक आहे, तेव्हा स्कूटरचे पेट्रोल आणि स्कूटरचेच टू-टी तेल चालून जावे. बहुतेक चिमुकल्या इंजिनांच्या बाबतीत हा हिशेब सपशेल चुकतो. कधी इंजिन सुरूच होत नाही, तर कधी सुरू होऊन काही मिनिटांत दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट रुतून बसतो.

अलीकडे या छंदात नव्याने येणारे बहुतेकजण बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीपासून सुरुवात करतात आणि त्यांना हा प्रश्न पडत नाही. मात्र एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्र, जुनी इंजिने जपणारे संग्राहक आणि इंजिनाच्या आवाजाशिवाय विमान उडाल्यासारखे वाटतच नाही असे म्हणणारे जुने हौशी यांचा इंधनाशी संबंध अजून सुटलेला नाही. (माहुलच्या आकाशात असे विमान उडवण्याचा प्रश्न येत नाही. एका बाजूला तेलाच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्र. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात ते वेगळेच. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या आणि नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख असला, तरी कोणत्या परिसरात काय उडवता येते हे नकाशा पाहूनच ठरवावे लागते.)

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की मोटारीच्या इंजिनाप्रमाणे या इंजिनात तेलाचे वेगळे कुंड नसते. तेल इंधनातच मिसळलेले असते. इंधनाबरोबर ते आत येते, क्रँकशाफ्ट, बेअरिंग आणि दट्ट्या यांना भिजवते आणि धुराबरोबर बाहेर पडते. विमानाच्या मागे पांढुरक्या धुराची रेघ दिसते आणि पंखावर चिकट थर बसतो तो याच तेलाचा. मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्या घेणाऱ्या यंत्राचा सारा जीव त्या थरावर अवलंबून असतो. म्हणून इंधन निवडणे म्हणजे प्रत्यक्षात तेल निवडणेच होय. आणि तेलाची पहिली कसोटी साधी आहे: ते आपल्या इंधनात विरघळते का?

मिथेनॉल आणि ग्लो प्लग

सर्वाधिक प्रचलित असलेल्या लहान इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टची बॅटरी लावून ते तापवतात, नंतर बॅटरी काढून घेतात, तरीही वेटोळे लालच राहते. दर फेरीतील ज्वलनाची उष्णता त्याला कारणीभूत असतेच, शिवाय प्लॅटिनमच्या सान्निध्यात मिथेनॉलची जी रासायनिक क्रिया होते तिचाही त्यात वाटा असतो. पेट्रोलमध्ये ही किमया नाही. ग्लो इंजिनात पेट्रोल ओतून ते चालत नाही, याचे कारण हे आहे.

मिथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला मात्र साडेसहा किलोच्या आसपास पुरते. तेव्हा तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक मिथेनॉल जाळता येते आणि शक्तीची भरपाई होते. त्यातच बाष्पीभवन होताना मिथेनॉल पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते, त्यामुळे इंजिन आतून थंड राहते. बोटभर सिलिंडरवर बसवलेल्या नखाएवढ्या पात्यांना जे काम झेपत नाही, ते इंधनच पार पाडते. किंमत एवढीच, की टाकी लवकर रिकामी होते.

मग तेल कोणते? येथे स्कूटरचे टू-टी तेल बाद होते. ते खनिज तेलापासून बनते आणि खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. काचेच्या बाटलीत दोन्ही एकत्र घालून हलवले आणि थोडा वेळ ठेवले तर वेगवेगळे थर दिसतात. टाकीत हेच घडले तर इंजिनाला कधी नुसते मिथेनॉल मिळते, कधी नुसते तेल. माहुलचे उत्तमातले उत्तम वंगणही या कामी निरुपयोगी ठरते आणि त्याची जागा घेते ते घरोघरी कपाटाच्या मागच्या बाजूला असणारे, लहान मुलांना नाक दाबून पाजले जाणारे एरंडेल.

एरंडेलाची थोरवी

एरंडेल मिथेनॉलमध्ये सहज विरघळते. त्यातील जवळजवळ नव्वद टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या रेणूवर असलेल्या हायड्रॉक्सिल गटामुळे तेल धातूला घट्ट धरून राहते. इंजिन प्रमाणाबाहेर तापले की इतर तेले पातळ होऊन जळून जातात. एरंडेल मात्र तापल्यावर अधिक दाट आणि चिकट होते आणि धातूवरचा थर शेवटपर्यंत सोडत नाही. नवशिक्याच्या हातून कार्ब्युरेटरची सुई हमखास जास्त आवळली जाते, इंधन कमी पडते आणि इंजिन तापते. अशा वेळी इंजिन वाचते ते एरंडेलामुळेच.

विमानविद्येत या तेलाला मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरच्या रोटरी इंजिनांना एरंडेलच घालत असत. एरंडेल पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही म्हणून ते पंपाने वेगळे सोडले जाई आणि जळता न जळता वैमानिकाच्या तोंडावर उडे. पोटावर व्हायचा तो परिणाम होई! १९०९ मध्ये वेकफिल्ड कंपनीने आपल्या नव्या वंगणाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले तेही या तेलाच्या इंग्रजी नावावरूनच. एरंडीच्या उत्पादनात भारत आज जगात पहिला असून त्यातील सिंहाचा वाटा गुजरातचा आहे. परदेशातील हौशी महागड्या डब्यांतून जे तेल विकत घेतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा आपल्या शेजारच्याच राज्यात असते.

मात्र दुकानात एरंडेल मागितले की जे मिळेल ते चालत नाही. व्यापारात त्याच्या निरनिराळ्या प्रती आहेत. पहिल्या दाबाचे, फिकट रंगाचे, आम्लाचे प्रमाण कमी असलेले तेल हवे. 'फर्स्ट स्पेशल ग्रेड' किंवा औषधी 'बीपी' प्रत यासाठी योग्य. केसांना लावायचे सुगंधी एरंडेल घेऊ नये, त्यात इतर तेले आणि अत्तर मिसळलेले असते. सर्वांत फसवे नाव आहे ते 'डिहायड्रेटेड कॅस्टर ऑइल'चे. त्याचा अर्थ पाण्याचा अंश काढलेले शुद्ध एरंडेल, असा समज होतो. वस्तुतः ते रंग आणि व्हार्निशच्या कारखान्यांसाठी रासायनिक प्रक्रिया केलेले, हवेत सुकून कडक होणारे तेल आहे. ते इंजिनात घालणे म्हणजे दट्ट्याला व्हार्निश लावण्यासारखेच.

एरंडेलाचा दोषही त्याच्या गुणातूनच येतो. जास्त तापलेल्या भागावर ते तपकिरी, कडक थर सोडते. कढईच्या बुडाशी बसणाऱ्या जळक्या तेलासारखा हा थर दट्ट्यावर आणि सिलिंडरच्या डोक्यावर साचतो. यावर उपाय म्हणून कृत्रिम तेले आली. ती मिथेनॉलमध्ये विरघळतात, इंजिन स्वच्छ ठेवतात, सहज वाहतात. परंतु इंजिन अति तापले तर त्यांचा थर एरंडेलाइतका टिकून राहत नाही. म्हणून आज बहुतेक जाणकार दोन्ही तेले एकत्र वापरतात. एकूण तेल १८ ते २० टक्के आणि त्यात पाव ते निम्मा वाटा एरंडेलाचा, हे प्रमाण बॉल बेअरिंग असलेल्या आधुनिक इंजिनांना मानवते. जुन्या पद्धतीच्या, बुश बेअरिंगवर चालणाऱ्या इंजिनांना मात्र २० ते २५ टक्के तेल लागते आणि तेही निखळ एरंडेल. या आकड्यांवरून हौशींमध्ये जी चर्चा रंगते तिला एरंडाचे गुऱ्हाळ हा शब्दप्रयोग अक्षरशः लागू पडतो. पण एका मुद्द्यावर सहसा दुमत नसते: तेलात काटकसर करू नये. तेल थोडे अधिक झाले तर पंख पुसावे लागतात, कमी झाले तर इंजिन जाते.

सर्वांत साधे मिश्रण म्हणजे ८०० मिलिलिटर मिथेनॉल आणि २०० मिलिलिटर एरंडेल. दोरीला बांधून गोल फिरवल्या जाणाऱ्या वेगवान विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चार भाग मिथेनॉल आणि एक भाग एरंडेल हेच इंधन प्रमाण मानले गेले. तयार डबा घेताना त्यावरील टक्केवारी आकारमानाची आहे की वजनाची, हे पाहावे. एरंडेल मिथेनॉलपेक्षा जड असते. आकारमानाने २० टक्के तेल वजनाने २३ टक्क्यांच्या पुढे जाते आणि येथेच अनेकांची फसगत होते.

तिसरा घटक नायट्रोमिथेन. हे द्रव्य स्वतःच प्राणवायू घेऊन येते आणि त्याला जळायला हवा फारच थोडी लागते. त्यामुळे शक्ती वाढते, शिवाय इंजिन मंद गतीवर न अडखळता चालते. अमेरिकी आणि जपानी बनावटीची अनेक इंजिने १० ते १५ टक्के नायट्रोमिथेन गृहीत धरून तयार केलेली असतात, तर युरोपीय इंजिने बहुधा त्याशिवाय चालतील अशा बेताने. स्फोटकांसाठी दुरुपयोग होऊ शकतो म्हणून युरोपीय महासंघाने १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सर्वसामान्यांना परवान्याशिवाय विकण्यास मनाई केली आहे. शिकाऊ विमानाला त्याची गरज नाही. माहितीपत्रकात नायट्रोचा आग्रह नसेल तर ते टाळलेलेच बरे.

डिझेल, पण पंपावरचे नव्हे

अर्धा ते अडीच घनसेंटिमीटरची काही जुनी इंजिने 'डिझेल' म्हणून ओळखली जातात. कोलकात्यात बनलेली अरोरा इंजिने याच जातीची. त्यांना प्लगच नसतो, नुसत्या दाबाने इंधन पेटते. पंपावरचे डिझेल त्यात पेटत नाही. त्यांना लागते ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण. जुने प्रमाण तिन्ही समभाग असे होते. पुढे ते ईथर ३० ते ३५ टक्के, रॉकेल ४० ते ४५ टक्के आणि उरलेले एरंडेल असे झाले. ईथर लवकर पेट घेते आणि रॉकेल उष्णता देते. एरंडेल रॉकेलमध्ये एकजीव होत नाही, दोघांना एकत्र आणते ते ईथरच. त्यामुळे आधी एरंडेल आणि ईथर मिसळून शेवटी रॉकेल घालण्याची रीत आहे.

शिधावाटप दुकानांपुढे ज्या रॉकेलसाठी एकेकाळी रांगा लागत, त्याचेच अधिक शुद्ध भावंड म्हणजे विमानांचे एटीएफ. माहुलहून ते नळवाहिनीने सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत पोहोचते. लहान जेट टर्बाइनवर उडणाऱ्या महागड्या मॉडेल विमानांनाही हेच इंधन चालते, मात्र त्यात चार-पाच टक्के टर्बाइन तेल मिसळावे लागते. या एका बाबतीत चिमुकले विमान आणि जंबो जेट खरोखरच एका पंगतीला बसतात.

पेट्रोलवर चालणारी मॉडेल इंजिने आकाराने मोठी, साधारण २० घनसेंटिमीटरच्या पुढची असतात. त्यांना ठिणगीचा प्लग असतो. येथे एरंडेल नको, चांगल्या प्रतीचे टू-टी तेल हवे. लिटरला २५ मिलिलिटर म्हणजे चाळीसास एक, २० मिलिलिटर म्हणजे पन्नासास एक. कोणते प्रमाण घ्यायचे ते इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेले असते. डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी अशी खूण असावी. बोटींच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू३ तेल हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या इंजिनांत वापरू नये. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. पुरेसे पाणी शिरले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे, महिनोन्महिने साठवू नये. टाकीची नळीही तपासावी. ग्लो इंधनाला चालणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून निकामी होते.

बाटली कोठे ठेवायची?

या छंदातील खरा धोका इंजिनाला नसून घरातील माणसांना आहे. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखे, वासाला दारूसारखे. जेमतेम १० मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते आणि ३० मिलिलिटर जिवावर बेतू शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. मुंबईला हे सांगण्याची गरज पडू नये. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मिथेनॉलच्या विक्रीवर आणि साठ्यावर विषविषयक कायद्याखाली परवान्याचे बंधन आहे ते उगाच नव्हे. कोपऱ्यावरच्या रसायनांच्या दुकानातून बाटलीभर मिथेनॉल बिनदिक्कत आणता येईल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा क्लबमार्फत सीलबंद डब्यात आलेले इंधन घेणे हाच सरळ मार्ग.

आपल्या घरांतील सवय मात्र अशी, की रॉकेल असो वा फिनेल, ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरायचे. ही सवय येथे प्राणघातक ठरू शकते. इंधन मूळ डब्यातच, ठळक अक्षरांत 'विष' लिहून, कुलपात ठेवावे. मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात शिरते, तेव्हा ते हातमोजे घालून आणि उघड्यावरच ओतावे. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. मैदानावर पंख एकाएकी काळा पडू लागला, रंगाला फोड आले, तर आग लागली आहे असे समजून भरपूर पाणी ओतावे. पेट्रोलच्या आगीवर मात्र पाणी टाकू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवते.

ईथरचा धोका निराळा. ते ३४.६ अंश सेल्सियसला उकळते. मे महिन्यातील दुपारी बंद गाडीत त्याचा डबा ठेवला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. हवा लागलेले ईथर दीर्घकाळ पडून राहिले तर त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. इमारतीतील सदनिकेत ईथर साठवू नये, हे बरे. एका रविवारी लागेल तेवढेच मिश्रण मैदानावर तयार करणे शहाणपणाचे. त्या मैदानावर सिगारेट ओढणारा कोणी असेल तर त्याला आधी दूर पाठवावे.

पावसाळ्याची बेगमी

मुंबईच्या दमट हवेत इंजिने उडताना कमी आणि पडून राहून जास्त खराब होतात. आत उरलेले मिथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि बेअरिंगच्या पोलादी गोळ्यांवर गंज चढतो. इंधनात नायट्रोमिथेन असेल तर ज्वलनातून उरलेले आम्ल त्यात भर घालते. म्हणून दिवसाचे शेवटचे उड्डाण झाले की टाकी रिकामी करावी, नळी काढून कार्ब्युरेटरमधील इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि मग आत हलक्या यंत्रतेलाचे चार-पाच थेंब सोडून पंखा हाताने फिरवावा. येथे प्रथमच खनिज तेल कामी येते, कारण आता मिथेनॉल उरलेले नसते.

जून ते सप्टेंबर विमान माळ्यावर जाते. त्यापूर्वी हे सारे अधिक काळजीने करावे आणि इंजिन सुती फडक्यात गुंडाळून ठेवावे. दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढल्यावर पंखा हलेनासा झाला, तर त्याच्याशी झटापट करू नये. एरंडेल आत सुकून चिकटलेले असते. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा काही मिनिटे दिली की ते सैल होते. पंखा फिरू लागल्यावर कान देऊन ऐकावे. आतून वाळू चुरडल्यासारखा आवाज आला तर इंजिन सुरू न करता आधी बेअरिंग बदलून घ्यावे. गंजाचे कण दट्ट्यापर्यंत पोहोचले की सिलिंडरही बदलावा लागतो आणि तो खर्च बहुधा नव्या इंजिनाच्या जवळ जातो.